दाखला जाळणारा महंत

तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात हातभर उंचीचं एक चित्र आहे. बोकुसाई नावाच्या शिष्याने काढलेलं आपल्या गुरूचं चित्र. झेन पंथात अशा चित्रांची रीत ठरलेली असते. उंच पाठीच्या खुर्चीत बसलेले महंत, अंगावर भारी वस्त्रं, हातात दंड, चेहरा निर्विकार. बोकुसाईने यातलं काही काढलेलं नाही. नुसता खांद्यापासून वरचा माणूस, डोक्यावर खुरटे केस, दाढीमिशीचे खुंट, उतरत्या भुवया. मान एका बाजूला वळलेली आणि डोळे मात्र फिरून थेट बघणाऱ्यावर रोखलेले. झेन भिक्षूने डोकं तुळतुळीत ठेवायचं असतं. या माणसाने तेवढंही पाळलेलं दिसत नाही.

हा इक्क्यू सोजुन. जन्म १३९४, मृत्यू १४८१. जपानमधल्या शाळकरी पोरांना तो ठाऊक असतो, पण वेगळ्याच कारणाने. १९७५ ते १९८२ या काळात तिथल्या टीव्हीवर ‘इक्क्यू-सान’ नावाची कार्टून मालिका चालली. तिच्यातला इक्क्यू म्हणजे गोटा केलेला चुणचुणीत बालभिक्षू. शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी सत्ताधीश, त्याला म्हणतो, पडद्यावर रंगवलेला हा वाघ रात्री उच्छाद मांडतो, त्याला बांध. पोरगं दोरी घेऊन उभं राहतं आणि म्हणतं, मी तयार आहे, तुम्ही वाघाला तेवढं बाहेर हाकला. आपल्या बिरबलाच्याच जातकुळीतल्या या गोष्टी. त्यांचा गाजलेला संग्रह छापला गेला १६६८ साली, इक्क्यू जाऊन पावणेदोनशेच्या वर वर्षं झाल्यावर.

दुसरा एक इक्क्यू प्रौढांच्या पुस्तकांतून भेटतो. दारू पिणारा, मासे खाणारा, वेश्यावस्तीत जाणारा आणि त्यावर कविता करणारा अवलिया. हा पहिल्यापेक्षा खरा आहे, पण तोही अर्धाच. या दोघांच्या गोष्टीत एक गोष्ट राहून जाते. आपल्या पंथावर उलटण्याआधी हा माणूस कोणाच्या तरी मरणाने मोडला होता. पुढची साठ-पासष्ट वर्षं तो जे काही बोलला, भांडला, जाळपोळ केली, ते या मरणाच्या उजेडात वाचलं तरच नीट लागतं, असं मला वाटतं.

परंपरेनुसार इक्क्यू सम्राट गो-कोमात्सुचा मुलगा. आई दरबारातली मानकरीण, पण तिचं घराणं ‘दक्षिण दरबारा’च्या बाजूचं. जपानमध्ये अर्धशतकाहून अधिक काळ दोन सम्राट, दोन दरबार असा बखेडा चालला होता, तो १३९२ साली मिटला. मिटला तो कागदावर, मनातला संशय कुठला मिटायला? हिच्या मनात सम्राटाच्या जिवावर उठायचं आहे, असं दरबारातल्या कोणीतरी कानात घातलं आणि पोटुशी असताना तिला राजवाड्याबाहेर काढलं गेलं. मुलगा पाच वर्षांचा झाला तसा त्याला क्योतोतल्या आंकोकुजी मठात टाकण्यात आलं. यात भक्तीचा भाग थोडा आणि सावधगिरीचा जास्त असावा. मुंडन झालेल्या पोराला वारस होत नाहीत, आणि वारस नसलेल्याला कोणी मारायला येत नाही.

त्या काळच्या मठांबद्दल थोडं सांगायला हवं. झेनमधल्या रिंझाई शाखेचे मोठे मठ शोगुनच्या सत्तेशी बांधलेले होते. सरकारने मठांची प्रतवारी ठरवलेली, सगळ्यांत वरचे ते ‘पाच पर्वत’. महंत कोण होणार हे शोगुन ठरवणार आणि नेमणुकीच्या पत्राबद्दल पैसे घेणार. हे उत्पन्न इतकं गोड होतं की नुसत्या नावापुरत्या नेमणुकाही होत. मठ व्याजाने पैसे देत, त्यांचे भिक्षू चीनला वकील म्हणून जात. हेही खरं, की जपानी चित्रकला, चिनी धाटणीचं काव्य आणि छपाई याच मठांत वाढली. इक्क्यूला कविता करायला शिकवलं ते अशाच एका मठात, केन्निनजीत. पण तिथे भिक्षू एकमेकांना आपापल्या घराण्यांची बढाई सांगत बसत, ते ऐकून हा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा विटला आणि कान झाकून बाहेर पडला. ज्याच्या घराण्याचं नाव घेण्याचीच चोरी होती, त्याला ती बढाई किती टोचली असेल!

बाहेर पडून तो गेला केनो सोई यांच्याकडे. साल १४१०.

केनो हे या कथेतलं सर्वांत महत्त्वाचं माणूस, आणि त्यांच्याबद्दल इतिहासाला सर्वांत कमी माहिती आहे. क्योतोच्या कडेला एका मोडक्या मठीत राहायचे. शिष्यांचा गोतावळा नाही, देणगीदार नाहीत. झेन परंपरेत गुरू शिष्याला बोध झाल्याचा लेखी दाखला देतो, त्याला ‘इन्का’ म्हणतात. तो असल्याशिवाय कोणाला गुरुपद नाही, मोठ्या मठात मान नाही. केनोंचे गुरू मुइन यांनी त्यांना तो देऊ केला होता. आपली तेवढी योग्यता नाही म्हणून केनोंनी घेतला नाही. म्हणजे त्यांचा अधिकार होता, पण त्याचा कागद नव्हता. आणि स्वतःकडे कागद नसल्यामुळे ते तो पुढे कोणाला देऊही शकत नव्हते. माझ्याजवळ होतं नव्हतं ते तुला दिलं, पण दाखला मात्र देता येणार नाही, अशा अर्थाचं काहीसं ते इक्क्यूला म्हणाल्याची नोंद त्याच्या चरित्रवृत्तात आहे. ‘सोजुन’ हे नाव त्यांनीच त्याला दिलं.

चार वर्षं दोघे तिथे राहिले. १४१४ च्या हिवाळ्यात केनो वारले. अंत्यविधीला पैसे नव्हते. पंथातलं कोणी येण्याचा प्रश्नच नव्हता, कारण पंथाच्या वहीत केनो जवळजवळ नव्हतेच. वीस वर्षांच्या शिष्याने एकट्याने सुतक पाळलं. मग तो बिवा सरोवराच्या दक्षिण टोकाला असलेल्या इशियामा-देरा या देवळात गेला. मुरासाकी शिकिबूने ‘गेंजी’ची कथा लिहायला इथेच सुरुवात केली अशी आख्यायिका असलेलं हे देऊळ. तिथे तो सात दिवस कान्नोनसमोर, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वासमोर, बसला. जीव शांत झाला नाही. तो उठून सेताच्या पुलाकडे निघाला. मनाशी ठरवलं होतं, कान्नोनला मी हवा असेन तर ती वाचवील, नसेन तर माशांचं पोट भरेल. आईला कसली शंका आली होती कोण जाणे, तिने मागावर माणूस पाठवलेला होता. त्याने त्याला पाण्यात जाण्याआधी धरलं आणि आईच्या जिवाला घोर लावू नकोस म्हणून परत आणलं.

चरित्रवृत्तात हा प्रसंग चार ओळींत येतो आणि जातो. बहुतेक लेखकही तो चार ओळींत उरकून पुढच्या साक्षात्काराकडे धावतात. माझ्या मते मेख इथेच आहे. या मुलाने आयुष्यात पाहिलेला एकमेव खरा साधू कागदाविना जगला आणि कागद नसल्यामुळे बेवारस मेला. पुढे या पंथात ज्याने ज्याने इक्क्यूसमोर कागद धरला, त्याला त्याने या मढ्याचा हिशेब विचारला.

पुढच्या वर्षी त्याने दुसरे गुरू शोधले तेही केनोंच्याच जातीचे. कासो सोदोन. दाइतोकुजी या बड्या मठाच्या परंपरेतले, पण मठाच्या थाटाला कंटाळून बिवाच्या काठी काताता गावात राहिलेले. कासोंनी या पोराला दारात उभं केलं नाही. तो कित्येक दिवस दाराबाहेर बसून राहिला, रात्री रिकाम्या होडीत झोपला. अंगावर पाणी ओता, काठीने हाका, असं कासोंनी सांगितलं तरी तो हलला नाही, तेव्हा कुठे आत घेतला. आत खायची ददात होती. इक्क्यू क्योतोत जाऊन सुगंधी पुड्या बनवायचा, बाहुल्यांचे कपडे शिवायचा आणि त्या पैशांवर मठी चालायची. १४१८ मध्ये एका आंधळ्या गवयाच्या तोंडून ‘हेइके’च्या कथेतलं एक आख्यान ऐकताना त्याला अडलेलं कोडं सुटलं, आणि कासोंनी त्याला ‘इक्क्यू’ हे नाव दिलं. १४२० च्या मे महिन्यातल्या एका रात्री सरोवरावर होडीत बसलेला असताना कावळा ओरडला आणि आत काहीतरी मोकळं झालं. कासोंनी खातरजमा करून दाखला लिहिला. इक्क्यूने तो घेतला नाही, टाकून चालता झाला. कासोंनी तो एका बाईंकडे जपून ठेवायला दिला. बऱ्याच वर्षांनी तो हाती आला तेव्हा इक्क्यूने फाडला. शिष्यांनी तुकडे चिकटवले, तेव्हा जाळला.

कासो १४२८ मध्ये गेले. आता इक्क्यूला दोन मरणं वाहायची होती.

कासोंचा थोरला शिष्य योसो सोई. इक्क्यूपेक्षा अठरा वर्षांनी मोठा. योसोबद्दल आपल्याला कळतं ते बहुतांशी इक्क्यूच्या शिव्यांमधून, त्यामुळे तो खलनायक वाटतो. प्रत्यक्षात तो कर्तबगार कारभारी होता. दाइतोकुजीने १४३१ मध्ये सरकारी प्रतवारीतून स्वतःला बाहेर काढून घेतलं होतं. त्याबरोबर सरकारी आसराही गेला. मठ जगवायचा तर नवे आश्रयदाते हवे होते, आणि योसोला ते सापडले साकाई बंदरातल्या व्यापाऱ्यांमध्ये. व्यापाऱ्यांना झेन हवं होतं, पण वीस वर्षं दारात बसायला वेळ नव्हता. योसोने त्यांच्यासाठी वाट सोपी केली. इक्क्यूच्या म्हणण्यानुसार तो झेनमधल्या कोड्यांची उत्तरंच सांगून टाकायचा आणि वर दाखले वाटायचा.

साकाईच्या रस्त्यांतून इक्क्यू लाकडी तलवार कमरेला लावून हिंडायचा, ती याच सुमाराची गोष्ट. लोक विचारत, ही कशाला? तो सांगे, आजचे गुरू असेच आहेत, म्यानात असतात तोवर खरे दिसतात.

१४४० मध्ये कासोंचं तेरावं पुण्यस्मरण आलं. त्यासाठी दाइतोकुजीतल्या न्योइआन या उपमठाची व्यवस्था इक्क्यूकडे दिली गेली. भेटी घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली. दहा दिवसांत तो निघून गेला. जाताना मठीतल्या सामानाची यादी जागच्या जागी ठेवली आणि योसोसाठी एक कविता. मला भेटायचं झालं तर मासळीच्या दुकानात, गुत्त्यात किंवा वेश्येच्या घरी बघ, असा तिचा रोख. लोकांना ही कविता बेफिकिरीची वाटते. मला ती रागाने थरथरणाऱ्या माणसाची वाटते. गुरूच्या श्राद्धाला भेटवस्तूंचा बाजार भरलेला पाहून, ज्याच्या पहिल्या गुरूचं श्राद्धच झालं नाही, असा शिष्य दुसरं काय लिहिणार?

(कवितेचा विषय निघालाच आहे म्हणून एक खुलासा. जपानी कविता म्हटली की शिरीष पै यांनी मराठीत रुळवलेला हायकूच आपल्याला आठवतो. इक्क्यू हायकूकार बाशोच्या दोनशे वर्षं आधीचा. त्याचा मुख्य संग्रह ‘क्योउनशू’ चिनी वृत्तांत आहे, त्यात हजाराच्या आसपास कविता आहेत, आणि हायकूचा अबोलपणा त्यांत शोधूनही सापडत नाही.)

१४४७ मध्ये दाइतोकुजीत अंतर्गत भानगडी विकोपाला गेल्या. एका भिक्षूने जीव दिला, काही तुरुंगात गेले. इक्क्यू डोंगरात जाऊन उपाशी मरायला बसला. म्हणजे तेहतीस वर्षांनी पुन्हा तेच. पहिल्या वेळी आईचा निरोप आला होता, या वेळी सम्राट गो-हानाझोनोचं पत्र आलं. तो खाली उतरला.

त्यानंतरचा त्याचा राग मात्र वाचवत नाही. १४५५ च्या सुमारास त्याने ‘जिकाइशू’ नावाचा कवितासंग्रह लिहायला घेतला. नावाने आत्मबोधाचा, आतून जवळजवळ सगळा योसोच्या नावाने शंख. योसो चोर, योसो दलाल, योसो व्यापाऱ्यांना आणि बायकांना झेन विकणारा. योसोला महारोग झाला आणि तो सडून मेला, इथपर्यंत मजल गेली. जिवंतपणी योसोला सम्राटाकडून पदवी मिळाली, त्याचाही जळफळाट आहे. इक्क्यूचे चाहते इथे सारवासारव करतात, हा करुणेचाच एक प्रकार वगैरे म्हणतात. तसं काही नाही. हा सूड आहे. शिवाय ज्या साकाईच्या व्यापाऱ्यांना शिकवल्याबद्दल योसोला शिव्या, ते व्यापारी इक्क्यूकडेही येत होते, आणि बायकाही येत होत्या. फरक इतकाच, की इक्क्यूने कोणालाच दाखला दिला नाही. त्याच्या दृष्टीने हा फरकच सगळं काही होता. योसोला उत्तर देता आलं असतं तर तो बहुधा म्हणाला असता, छप्पर शाकारायला पैसे कोण आणणार होतं?

याच वर्षांत क्योतोच्या दक्षिणेला ताकिगी गावात त्याने एक पडका जुना मठ उभा केला आणि तिथे मठी बांधली, शूओनआन. उपकारांची फेड करण्याची जागा, असा नावाचा भाव. आज क्योतोहून किंतेत्सु रेल्वेने शिन-तानाबे स्टेशनावर उतरून वीस-पंचवीस मिनिटं चाललं की ही जागा लागते. लोक तिला इक्क्यूजी म्हणतात. काळ्या, खारट, आंबवलेल्या सोयाबीनचा नात्तो इथे अजून बनतो आणि त्याच्या नावाने विकला जातो. आत त्याची लाकडी मूर्ती आहे. तिच्या डोक्याला आणि हनुवटीला त्याचेच केस रोवले होते, असं सांगतात. मूर्तीचंही मुंडन नाही.

१४५९ पासून ओला दुष्काळ, कोरडा दुष्काळ आणि रोगराई यांनी क्योतोचा कणा मोडला. १४६१ च्या पहिल्या दोन महिन्यांत एका भिक्षूने चौऱ्याऐंशी हजार छोटे लाकडी स्तूप करून प्रत्येक प्रेतावर एकेक ठेवला, तेव्हा दोन हजार उरले, अशी नोंद आहे. कामो नदी मढ्यांनी तुंबली होती. शोगुन योशिमासा बागांच्या नादात होता, सम्राटाला त्याला कवितेतून टोचावं लागलं. त्याच वर्षी इक्क्यूने दाइतोकुजीच्या संस्थापकांचं, दाइतो कोकुशींचं, आपल्याकडे असलेलं चित्र मठाला परत केलं आणि आपण आता अमिदा बुद्धाचं नाम घेणाऱ्यांच्या पंथात गेलो, असं लिहून टाकलं. हा नामपंथ गोरगरिबांचा, दाखल्याबिखल्याची भानगड नसलेला. त्याचा नेता रेन्न्यो इक्क्यूचा स्नेही होता. हे पंथांतर कितपत खरं, यावर अभ्यासकांत वाद आहे. तो झेनचा अंगरखा पुढेही घालत राहिला, हे खरं. पण गल्लोगल्ली प्रेतं पडली असताना त्याला गुरुपरंपरेच्या चित्राचा भार नकोसा झाला, यात मला नाटक दिसत नाही. बेवारस मढं म्हणजे काय, हे त्याला विसाव्या वर्षीच कळलं होतं.

१४६७ मध्ये ओनिनचं युद्ध पेटलं, दहा वर्षं चाललं. क्योतो जळालं, दाइतोकुजीही जळालं. इक्क्यू जीव वाचवत भटकत राहिला. १४७० मध्ये सुमियोशीला त्याला मोरी भेटली. आंधळी गाणारी, वयाने त्याच्याहून कितीतरी लहान. तो सत्त्याहत्तरीला आलेला. दोघे ताकिगीला एकत्र राहिले. तिच्यावरच्या त्याच्या कविता इतक्या उघड्या आहेत, की पुष्कळांनी मोरी हे नुसतं रूपक ठरवायचा प्रयत्न केला. पण इक्क्यूच्या पुण्यस्मरणाला देणगी देणाऱ्यांच्या नोंदींत तिचं नाव आहे, रूपकं देणगी देत नाहीत. सोळाव्या शतकाच्या आधीच्या जपानी भिक्षूने म्हातारपणी एका बाईचे उपकार इतके मोकळेपणाने मानल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

आणि मग १४७४ मध्ये, वय वर्षं ऐंशी, सम्राट गो-त्सुचिमिकादोचा हुकूम आला. दाइतोकुजीचे महंत व्हा.

त्याने हो म्हटलं. जांभळी वस्त्रं अंगावर घ्यायची लाज वाटते, असं कवितेत लिहिलं, पण हो म्हटलं. मठात राहायला गेला नाही, ताकिगीतूनच कारभार पाहिला. महंत होण्यासारखं तिथे काही उरलंही नव्हतं, राख होती. ती राख उपसून मठ पुन्हा उभा करायला पैसा लागणार होता. तो आला साकाईहून. ओवा सोरिन नावाच्या बड्या व्यापाऱ्याने आणि त्याच्यासारख्यांनी दिला. चार-पाच वर्षांत मुख्य इमारती उभ्या राहिल्या. योसोने ज्या दारात झोळी पसरली म्हणून त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या, त्याच दारात इक्क्यूची झोळी गेली. योसो हे बघायला नव्हता, तो १४५८ मध्येच वारला होता. इक्क्यूने त्याची माफी मागितल्याचं कुठे दिसत नाही. मागायला हवी होती.

१४८१ च्या थंडीत हिवतापाने इक्क्यू गेला. मरायचं नाही मला, असं शेवटी म्हणाला अशी आख्यायिका आहे. दोनदा मरायला निघालेल्या माणसाच्या तोंडी हे शब्द घालणाऱ्याला इक्क्यू चांगला समजला असावा. शिष्यांनी त्याचा मान राखला. चहाच्या विधीला वळण देणारा मुराता जुको, नोह नाटककार कोंपारू झेनचिकु, रेंगा कवी सोचो, अशी माणसं त्याच्या भोवती वावरली. जपानी रसिकतेत साधेपणाला जे मोल आलं त्यात या मंडळींचा वाटा मोठा आहे. पण धर्माचा वारस कोण? इक्क्यूने कोणाचंच नाव घेतलं नाही. माझ्या नावाने कोणी दाखला दाखवला तर तो लबाड समजा, अशी त्याची ताकीद होती.

म्हणून त्याची गुरुपरंपरा त्याच्याबरोबर संपली. केनोंची संपली तशीच, पण या वेळी ठरवून. ताकिगीतली त्याची समाधी आज राजघराण्याच्या खात्याच्या ताब्यात आहे. सम्राटाचा मुलगा म्हणून दरवाजा बंद असतो, सर्वसामान्यांना आत प्रवेश नाही. पुढच्या शतकांत दाइतोकुजीच्या गादीवर जे महंत आले त्यांतले बहुतेक योसोच्या शिष्यपरंपरेतले होते.